फ्रँकफुर्टचे जुने नगर

जर्मनीतील बहुतेक प्राचीन शहरांच्या मध्यभागी ‘आल्टश्टाट’, म्हणजे ‘जुने नगर’, या नावाने ओळखला जाणारा एक भाग असतो. शहराचा विस्तार होण्यापूर्वी तटबंदीच्या आत जेवढी वस्ती होती, तेवढा हा भाग. अरुंद गल्ल्या, बाजाराचा चौक, नगरभवन, मुख्य चर्च आणि त्यांच्याभोवती दाटीवाटीने उभी असलेली उतरत्या छपरांची घरे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. माइन नदीच्या उजव्या तीरावर वसलेल्या फ्रँकफुर्टचे जुने नगर प्रथमदर्शनी असेच दिसते. पण तेथील एखाद्या घरापुढे उभे राहून ते केव्हा बांधले असा प्रश्न केला, तर उत्तर मिळते १९८३, १९५१ किंवा २०१७. ज्या भागाला शहरातील सर्वांत जुना भाग म्हणतात, त्यातील बरीचशी घरे शहराच्या इतर विभागांतील घरांहून नवी आहेत.

असे का झाले, याचे एक उत्तर सोपे आहे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत हे नगर जळून गेले. परंतु तेवढ्याने सारे काही समजत नाही. नाश एकदाच झाला. त्यानंतर काय बांधावे, याचा निर्णय मात्र शहराला पुनःपुन्हा घ्यावा लागला आणि प्रत्येक वेळी तो वेगळा झाला. या निर्णयांचा इतिहास हाच आजच्या जुन्या नगराचा खरा इतिहास होय.

सम्राटांचे आणि व्यापाऱ्यांचे नगर

फ्रँकफुर्ट या नावाचा अर्थ ‘फ्रँक लोकांचा उतार’. नदी पायी ओलांडता येईल अशी ही उथळ जागा होती. नदीकाठच्या ज्या उंचवट्यावर पुढे मुख्य चर्च उभे राहिले, तेथे रोमन काळातील वस्तीचे अवशेष सापडले आहेत. इ. स. ७९४ मध्ये शार्लमेन राजाने येथे धर्मसभा भरविली. फ्रँकफुर्टचा पहिला लेखी उल्लेख त्याच वर्षीचा आहे.

शहराचे महत्त्व दोन गोष्टींनी वाढले. पहिली म्हणजे जत्रा. १२४० मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने फ्रँकफुर्टच्या शरद ऋतूतील जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना संरक्षण दिले आणि १३३० मध्ये वसंत ऋतूतील जत्रेलाही मान्यता मिळाली. आज जगभरचे प्रकाशक ज्या पुस्तक प्रदर्शनासाठी फ्रँकफुर्टला येतात, त्याच्यामागे ही जत्रांची परंपरा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे राजांची निवड. १३५६ च्या ‘सुवर्ण आज्ञापत्रा’ने जर्मन राजाची निवड फ्रँकफुर्टमध्येच व्हावी असे ठरविले, १५६२ पासून बहुतेक राज्याभिषेकही तेथेच होऊ लागले. शेवटचा अभिषेक १७९२ मध्ये झाला. संत बार्थोलोम्यू चर्चमध्ये अभिषेक झाला की नवा सम्राट बाजाराच्या गल्लीतून चालत ‘रोमर’ या नगरभवनाकडे जाई. तेथील सभागृहात मेजवानी होई आणि बाहेरच्या चौकात प्रजेसाठी आख्खा बैल भाजला जाई, कारंज्यातून मद्य वाहे. १७६४ मध्ये असा एक सोहळा पाहणाऱ्या गर्दीत चौदा वर्षांचा एक स्थानिक मुलगा होता. पुढे आत्मचरित्रात त्याने या सोहळ्याचे सविस्तर वर्णन केले. हा मुलगा म्हणजे योहान वोल्फगांग गटे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा जर्मन अनुवाद १७९१ मध्ये वाचून त्याची मुक्तकंठाने स्तुती करणारा कवी म्हणून भारतीय वाचक त्याला ओळखतात.

या चर्चला ‘डोम’ म्हणजे महामंदिर म्हणत असले, तरी ते बिशपचे पीठ कधीही नव्हते. राज्याभिषेकांमुळे त्याला हे नाव लाभले. नगरभवनही मुळात नगरभवन म्हणून बांधलेले नव्हते. १४०५ मध्ये नगरपरिषदेने ‘रोमर’ आणि शेजारचे ‘सोनेरी हंस’ अशी दोन घरे विकत घेतली आणि तेथे कारभार सुरू केला. तेव्हापासून सहाशेहून अधिक वर्षे शहराचा कारभार याच जागेशी निगडित राहिला आहे.

लाकडी सांगाड्याची घरे

सामान्य नागरिकांची घरे लाकडाची होती. त्यांची रचना समजून घेतली पाहिजे, कारण त्यांचे सौंदर्य आणि त्यांचा नाश ही दोन्ही त्या रचनेतच सामावलेली होती. तळमजला बहुधा माइन खोऱ्यातील तांबड्या वालुकाश्माचा असे. त्यावर ओकच्या जाड तुळयांचा सांगाडा उभारीत. उभे खांब, आडव्या तुळया आणि तिरपे टेकू खाचा पाडून व लाकडी खुंट्या ठोकून एकमेकांत जखडलेले असत. मधल्या मोकळ्या चौकटी काठ्यांच्या विणीने भरून तिच्यावर गवतमिश्रित माती लिंपीत. कोकणातील कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत अपरिचित वाटणार नाही. घराचे वजन सांगाडा पेलीत असे. भिंत ही केवळ आडोशापुरती होती. अनेक घरांच्या दर्शनी बाजू पाऊसवाऱ्यापासून रक्षणासाठी काळसर पाटीच्या दगडाच्या पातळ खपल्यांनी मढविलेल्या असत.

जमिनीचे तुकडे लहान असल्याने प्रत्येक वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा थोडा पुढे काढण्याची पद्धत होती. त्यामुळे आतली जागा वाढे. पण समोरासमोरची घरे वर एकमेकांच्या इतकी जवळ येत की, गल्लीत दिवसाही अंधार असे. अशी बाराशेहून अधिक घरे या जुन्या नगरात होती. जर्मनीतील अशा लाकडी घरांच्या सर्वांत मोठ्या समूहांत त्याची गणना होत असे.

त्यांपैकी एका घराची हकिगत येथे देण्यासारखी आहे. नेदरलँड्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेला आब्राहाम फान हामेल हा कॅल्व्हिनपंथीय व्यापारी फ्रँकफुर्टला आला. मसाल्यांच्या व मिठाईच्या व्यापारात त्याने पैसा मिळविला आणि १६१८–१९ मध्ये चर्चच्या अगदी समोर ‘सोनेरी तराजू’ नावाचे घर बांधले. कोरीव तुळया, तळमजल्यावर दगडी कमानी आणि छपरावर छोटीशी बाग असे हे घर शहरातील सर्वांत देखण्या घरांपैकी एक मानले जाई. लुथरपंथीय शहरात त्याच्या पंथाला सार्वजनिक उपासनेची मुभा नव्हती. घर बांधण्याची मात्र होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंत कुटुंबे नव्या, हवेशीर वस्त्यांकडे निघून गेली. जुन्या घरांतून गरीब कुटुंबे दाटीने राहू लागली. घरे ओल धरलेली आणि काळोखी होती. १९०४ ते १९०६ या काळात ट्रामसाठी ‘ब्राउबाखश्ट्रासे’ हा रुंद रस्ता या वस्तीतून काढण्यात आला आणि त्यासाठी अनेक जुनी घरे पाडण्यात आली. नाश युद्धाने झाला हे खरे. परंतु युद्धापूर्वीही हे नगर अखंड, निरोगी आणि सर्वांचे आवडते होते, असे समजणे चुकीचे ठरेल. त्याच्याविषयीची आस्था वाढली ती ते जीर्ण होऊ लागल्यानंतर. इतिहासकार फ्रीड ल्युबेके यांनी १९२२ मध्ये जुन्या नगराच्या मित्रांची एक संघटना स्थापन केली. त्याच दशकात हेर्मान आणि रोबेर्ट ट्रॉयनर या बंधूंनी संपूर्ण वस्तीची लाकडी प्रतिकृती करावयास घेतली. घरामागून घर मोजून केलेले हे काम पुढे किती मोलाचे ठरणार आहे, याची कल्पना त्या वेळी कोणालाही नव्हती.

मार्च १९४४

फ्रँकफुर्टवर १९४३ च्या ऑक्टोबरपासून मोठे हवाई हल्ले होत होते. १८ मार्च आणि २२ मार्च १९४४ च्या रात्रींच्या हल्ल्यांनी जुने नगर संपविले. वाळलेल्या ओकच्या लाकडाची, एकमेकांना खेटून उभी असलेली ती घरे आगीला इंधनच ठरली. २२ मार्चच्या हल्ल्यात सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली. घरांची तळघरे भिंती फोडून एकमेकांना आधीच जोडून ठेवलेली होती. त्या भुयारी वाटांनी सरपटत शेकडो लोक रोमरपुढील चौकात येऊन बाहेर पडले आणि वाचले. २२ मार्च हा गटेचा स्मृतिदिन. त्याच रात्री त्याचे जन्मघरही नष्ट झाले. नगराच्या मध्यभागातील लाकडी घरांपैकी ‘व्हेर्टहाइम’ हे एकच घर जवळजवळ जसेच्या तसे उभे राहिले. चर्चचा मनोराही वाचला.

या मनोऱ्याचीही एक गोष्ट आहे. पंधराव्या शतकात सुरू झालेले त्याचे काम १५१४ मध्ये अपुरे टाकण्यात आले. १८६७ मध्ये चर्चला आग लागल्यानंतर मूळ आराखड्यांच्या आधारे तो पूर्ण करण्यात आला. म्हणजे मध्ययुगाची खूण म्हणून आज ज्याच्याकडे पाहिले जाते, त्या सुमारे पंच्याण्णव मीटर उंच मनोऱ्याचा माथा एकोणिसाव्या शतकातला आहे. जुने आणि नवे यांच्यातील सीमारेषा बाँब पडण्यापूर्वीही स्पष्ट नव्हती, हे यावरून ध्यानात येते.

पहिला वाद : गटेचे घर

युद्ध संपल्यावर सर्वप्रथम वाद झाला तो गटेच्या घरावरून. घरातील सामान आधीच सुरक्षित स्थळी हलविलेले असल्याने वाचले होते; घराची मोजमापे आणि चित्रेही उपलब्ध होती. संग्रहालयाचे संचालक एर्न्स्ट बॉयटलर यांनी घर हुबेहूब पुन्हा उभारण्याचा आग्रह धरला. त्याला विरोध करणाऱ्यांत वाल्टर डिर्क्स हे पत्रकार प्रमुख होते. घराचा नाश हा आकाशातून कोसळलेला अपघात नव्हे, जर्मनीने जे केले त्याचा तो परिणाम आहे. म्हणून काहीच घडले नाही असे दाखविण्यापेक्षा त्या घराचा निरोप घेण्याचे धैर्य दाखवावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. डिर्क्स यांचे म्हणणे मान्य झाले नाही. १९४७ मध्ये कोनशिला बसविण्यात आली आणि १९५१ मध्ये घर पाहण्यासाठी खुले झाले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मागे पडला नाही.

उरलेल्या भागात मात्र शहराने नेमका उलट मार्ग पत्करला. हजारो लोक बेघर होते. राडारोडा दळून त्यापासून बांधकामाचे ठोकळे करण्यात आले आणि मोकळ्या हिरव्या चौकांभोवती साध्या, उजेडाच्या सदनिका उभ्या राहिल्या. मोटारींसाठी रुंद रस्ते निघाले. रोमरच्या तीन त्रिकोणी शिखरांचा दर्शनी भाग जतन झाला. शेजारच्या ‘मीठघरा’च्या वाचलेल्या काही कोरीव फळ्या एका साध्या नव्या भिंतीत बसविण्यात आल्या. काय गेले आणि काय उरले, हे त्या भिंतीकडे पाहताच कळते. चर्च आणि रोमर यांच्यामधील जागा, जेथून सम्राट चालत जात, ती मात्र अनेक वर्षे मोटारतळ म्हणून पडून राहिली.

दोन नगरभवने

१९७२ ते १९७४ या काळात या रिकाम्या जागेच्या मोठ्या भागावर ‘तांत्रिक नगरभवन’ उभारण्यात आले. काँक्रीटची ही अवाढव्य इमारत महानगरपालिकेच्या बांधकाम व नियोजन खात्यांसाठी होती. जमिनीखाली भुयारी रेल्वेचे स्थानक आणि मोटारतळ झाला. त्या काळच्या नियोजनकारांच्या दृष्टीने लोकशाही शासनाचे कार्यालय शहराच्या मध्यभागी असणे ही अभिमानाची गोष्ट होती. पण नागरिकांना ती इमारत कधीच आपलीशी वाटली नाही.

दहा वर्षांतच वारा उलट दिशेने वाहू लागला. १९८१ ते १९८४ दरम्यान रोमरसमोरील पूर्वेकडच्या घरांची रांग जुन्या रूपात बांधण्यात आली. पर्यटकांच्या छायाचित्रांत फ्रँकफुर्टचे प्राचीन वैभव म्हणून जी लाकडी घरे दिसतात, ती हीच. त्यांच्या मागेच १९८६ मध्ये ‘शिर्न’ हे कलादालन उघडले. ‘शिर्न’ म्हणजे मांसविक्रेत्याचे दुकान. पूर्वी या भागात खाटकांची वस्ती होती. ती गेली, तिचे नाव मात्र चित्रकलेच्या प्रदर्शनांना लाभले.

नवे जुने नगर

तांत्रिक नगरभवन पाडून तेथे काय बांधावे यासाठी २००५ मध्ये स्पर्धा घेण्यात आली. पारितोषिक मिळालेल्या आराखड्यात मोठ्या आकाराच्या आधुनिक इमारती होत्या. नागरिकांतून विरोध झाला, सभा झाल्या, आणि २००७ मध्ये नगरसभेने जुन्या गल्ल्यांच्या रेषांवर लहान लहान घरांची वस्ती पुन्हा वसविण्याचा निर्णय घेतला. काँक्रीटची इमारत पाडण्यात आली आणि २०१२ मध्ये नव्या कामाची कोनशिला बसली. सुमारे सात हजार चौरस मीटर जागेत पस्तीस घरे उभी राहिली. त्यांपैकी पंधरा घरे जुन्या घरांच्या प्रतिकृती आहेत आणि वीस नव्या आरेखनाची. नव्या घरांनाही उतरते छप्पर, पाटीच्या दगडाचे आच्छादन, तळमजल्याला तांबडा वालुकाश्म असे नियम घालून दिलेले होते. एकूण खर्च वीस कोटी युरोंच्या घरात गेला. मे २०१८ मध्ये कुंपणे निघाली आणि सप्टेंबरमध्ये तीन दिवसांचा उत्सव साजरा झाला.

प्रतिकृती कशा तयार झाल्या, ही गोष्ट उद्‌बोधक आहे. जुनी छायाचित्रे, मोजणीचे नकाशे, चित्रे आणि ट्रॉयनर बंधूंची लाकडी प्रतिकृती यांचा बारकाईने अभ्यास करण्यात आला. ढिगाऱ्यातून वाचविलेले कोरीव दगड आणि तुळया शोधून काही घरांत पुन्हा बसविण्यात आल्या. लाकूड खाचांनी जोडणारे, पाटीचा दगड छपरावर बसविणारे कारागीर कामाला लागले. फान हामेलचे ‘सोनेरी तराजू’ पुन्हा उभे राहिले, छपरावरच्या बागेसह. तथापि या साऱ्या घरांच्या पायाखाली सत्तरच्या दशकातील मोटारतळ आणि भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. आतून ही घरे आजच्या अग्निसुरक्षेच्या आणि ऊर्जाबचतीच्या नियमांना धरून बांधलेली आहेत. येथे सुमारे दोनशे लोकांच्या निवासाची सोय झाली. पूर्वीची दाटी, ओल आणि अंधार अर्थातच परत आले नाहीत. ते कोणाला नकोही होते. जे परत आले ते गल्ल्यांचे वळण, ‘कोंबडीबाजार’ हा छोटा चौक आणि चर्चकडे जाणारी सम्राटांची वाट.

या प्रकल्पावर टीकाही झाली. काहींच्या मते ही केवळ पर्यटकांसाठी केलेली सजावट आहे. २०१८ मध्ये वास्तुशास्त्राचे अभ्यासक स्टेफान ट्रूबी यांनी आणखी गंभीर आक्षेप घेतला. पुनर्रचनेच्या मागणीला आरंभी चालना देणाऱ्यांत उजव्या विचारसरणीची माणसे होती याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि सुंदर अतीत पुन्हा उभारताना १९३३ ते १९४५ ही वर्षे पुसली जातात की काय, असा प्रश्न उपस्थित केला. समर्थकांचे उत्तर असे की, शहराला आपले हृदय परत मिळाले आहे. लोक तेथे आनंदाने फिरतात आणि हीच त्याची कसोटी. वॉर्साचे जुने नगरही युद्धानंतर असेच पुन्हा बांधले गेले आणि १९८० मध्ये त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, हा दाखला अशा चर्चांत अनेकदा दिला जातो. पण वॉर्साचा विध्वंस परकीय आक्रमकांनी हेतुपुरस्सर केला होता आणि पुनर्बांधणी युद्ध संपताच, ते नगर डोळ्यांनी पाहिलेल्या पिढीने केली. फ्रँकफुर्टमध्ये ते काम सत्तर वर्षांनी झाले. दोन्ही घटना एका मापाने मोजता येत नाहीत.

न बांधलेली गल्ली

कोणत्या गोष्टी पुन्हा बांधल्या, याबरोबरच कोणत्या बांधल्या नाहीत हेही पाहिले पाहिजे. १४६२ पर्यंत फ्रँकफुर्टमधील ज्यू कुटुंबे याच मुख्य चर्चच्या आसपास राहत असत. त्या वर्षी त्यांना तेथून हलवून जुन्या तटाच्या पूर्व बाजूला एका गल्लीत राहण्यास भाग पाडण्यात आले. ‘युडेनगासे’ म्हणजे ज्यूंची गल्ली सुमारे ३३० मीटर लांबीची, अतिशय अरुंद आणि दरवाजांनी बंद केलेली होती. एके काळी तेथे तीन हजारांच्या आसपास माणसे राहत. रोथशिल्ड हे पुढे युरोपभर पसरलेले सावकारी घराणे याच गल्लीतले. १६१४ मध्ये जमावाने ती लुटली, १७११ मध्ये ती जळाली, पुन्हा बांधली गेली. आणि ज्यूंना नागरी हक्क मिळू लागल्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती जवळजवळ पूर्णपणे पाडण्यात आली. जवळच्या चौकातील सिनेगॉग १९३८ मध्ये नाझींनी जाळले.

१९८७ मध्ये त्याच चौकात, ब्योर्नेप्लाट्स येथे, एका नगरपालिका कार्यालयासाठी खोदकाम चालू असताना गल्लीतील एकोणीस घरांचे पाये आणि दोन विधिस्नानगृहे उघडी पडली. बांधकाम थांबवावे, हे अवशेष आहेत तसे राखावेत, या मागणीसाठी लोकांनी खड्ड्यातच ठाण मांडले. अखेर तडजोड झाली. इमारत झाली आणि तिच्या पोटात पाच घरांचे पाये जपण्यात आले. १९९२ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. शेजारच्या जुन्या ज्यू दफनभूमीच्या बाहेरील भिंतीवर १९९६ पासून छोटे धातूचे ठोकळे बसविलेले आहेत. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या फ्रँकफुर्टमधील अकरा हजारांहून अधिक ज्यू स्त्रीपुरुषांची आणि मुलांची नावे त्यांवर कोरलेली आहेत.

‘सोनेरी तराजू’ या घरापासून ही भिंत चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. एका ठिकाणी हरवलेले घर तुळईन्‌तुळई पुन्हा उभारले आहे. दुसऱ्या ठिकाणी पाये उघडे ठेवून त्यांच्यावर काही चढविलेले नाही. पहिल्या ठिकाणी घर कसे होते ते दिसते, दुसऱ्या ठिकाणी ते आता नाही हे दिसते. इतिहास सांगण्याच्या या दोन रीती आहेत आणि फ्रँकफुर्टला दोन्हींची गरज भासली. परक्या पंथाच्या एका निर्वासिताचे घर शहराचे भूषण म्हणून परत आले, ही समाधानाची गोष्ट खरी. पण ज्या शेजाऱ्यांना पाच शतकांपूर्वी त्या परिसरातून बाहेर काढले होते, त्यांची वस्ती पाहावयाची तर आजही पूर्वेकडे चालत जावे लागते. रोमरच्या चौकात उतरणाऱ्या प्रवाशांपैकी जे ही दोन्ही स्थळे पाहतात, त्यांनाच जुने नगर पुरतेपणी पाहावयास मिळते.